अनुभव धागा : लाचेची तक्रार केलीत, मग तुमच्या कामाचं काय झालं?

परळची पोळीवाली
'रंगेहाथ पकडले' इथे बातमी संपते. तक्रार करणाऱ्याचं पुढे काय होतं, ते कुणी छापत नाही. म्हणून हा धागा. सुरुवात माझ्यापासून.

माझं पोळी-भाजी केंद्र आहे. परवान्याच्या नूतनीकरणाला एका अधिकाऱ्याने पंधरा हजार मागितले, शेवटी दहावर आला. रात्रभर झोप नाही. सकाळी १०६४ या लाचेच्या तक्रारीच्या हेल्पलाइनला फोन केला आणि दुपारी वरळीच्या लाचलुचपत प्रतिबंधक विभागात जाऊन बसले. तिथे कळलं की लगेच कुणी धाड घालत नाही. आधी पडताळणी होते. माझ्याकडे रेकॉर्डर देऊन पुन्हा बोलायला पाठवलं, तो पंचांसमोर, म्हणजे सरकारी साक्षीदारांसमोर, स्वतःच्या तोंडाने पैसे मागतोय हे नोंदवलं आणि मगच सापळा ठरला. पैसे माझेच होते, नंतर ते विभागाने परत केले. विभागातल्या बाईंनी मला दोनदा पाणी दिलं, घाबरू नका म्हणाल्या. त्यांचे उपकार विसरणार नाही.

पण परवाना? 'तुमची फाईल जप्त आहे, आम्ही काय करणार?' हे उत्तर मी सात महिने ऐकलं. नवा माणूस माझ्या कागदाला हातच लावेना. तक्रारदाराचं अडलेलं काम ठरावीक दिवसांत करून देण्याची जबाबदारी एका अधिकाऱ्याच्या नावावर टाकली पाहिजे, नाहीतर दुसरी पोळीवाली फोन उचलणार नाही.

तुमचं काय झालं? कार्यालयांची, माणसांची नावं नकोत.

निवृत्त_लिपिक
ताई, मी पंच होतो. पंच म्हणून दुसऱ्या सरकारी खात्यातले कर्मचारी बोलावतात. साहेबांनी मला पाठवलं तेव्हा पोटात गोळाच आला. नोटांचे नंबर लिहून घेतले, त्यांना फिनॉल्फ्थॅलिनची पावडर लावली आणि तक्रारदाराच्या खिशात ठेवल्या. मागितल्याशिवाय द्यायच्या नाहीत, असं त्याला तीनदा बजावलं. ठरलेली खूण झाली, आम्ही आत गेलो. त्या माणसाची बोटं सोडियम कार्बोनेटच्या पाण्यात बुडवली आणि पाणी गुलाबी झालं, म्हणजे त्या पावडरीच्या नोटांना हात लागला होता. तो माझ्याच वयाचा. त्याचा चेहरा अजून आठवतो.

साक्षीचं समन्स आलं सहा वर्षांनी. तोवर मी निवृत्त. वकिलाने विचारलं, खोलीत पंखे किती होते? मला सांगता येईना. भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्याच्या २०१८ च्या दुरुस्तीत असे खटले दोन वर्षांत संपवण्याचा प्रयत्न करावा असं लिहिलंय. माणसाची आठवण किती टिकते, हे पाहूनच ते लिहिलं असावं.

तक्रारदार ऐनवेळी फितूर झाला. तरी साक्ष वाया गेली असं मानू नका. डिसेंबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने सांगितलंय की तक्रारदार उलटला तरी बाकीच्या पुराव्यावरून लाचेची मागणी सिद्ध होऊ शकते.

चाळ_नंबर_तीन
मी दिले पैसे. बाबांच्या पेन्शनचं प्रकरण अडकलं होतं आणि ते अंथरुणाला खिळलेले. चार हजार. आजही लाज वाटते. तक्रार करायला उशीर झाला का?

वकिलीण_काळाघोडा
दादा, लाज बाळगू नका. देणाराही गुन्हेगार ठरतो हे खरं, पण बळजबरीने द्यावी लागली तर सात दिवसांत पोलीस किंवा तपास यंत्रणेला कळवणाऱ्याला कायद्याने सूट दिली आहे. तुमची मुदत उलटली असेल, तर चांगल्या वकिलाला विचारूनच पाऊल टाका. ही सात दिवसांची गोष्ट 'लाच देणे-घेणे गुन्हा आहे' या प्रत्येक पाटीखाली मोठ्या अक्षरांत हवी. लोकांना फक्त धाक कळतो, सोय कळत नाही.

मुलुंडची_आई
आमचं प्रकरण सापळ्यापर्यंत गेलंच नाही. लेकीच्या प्रवेशासाठी डोमिसाइल हवं होतं, बाहेरचा एजंट अडीच हजार म्हणाला. 'आपले सरकार' या सरकारी पोर्टलवर अर्ज टाकला, पावती जपली आणि मुदत संपल्यावर २०१५ च्या लोकसेवा हक्क कायद्याखाली पहिलं अपील केलं. चौथ्या दिवशी दाखला आला. या कायद्यात दोषी अधिकाऱ्याला पाचशे ते पाच हजारांपर्यंत दंड आहे.

खात्यातलाच_एक
मी आतला माणूस, म्हणून जरा स्पष्ट लिहितो. साहेब स्वतः पैसे घेत नाहीत. घेतो तो 'खासगी इसम', टेबलाशेजारी बसणारा, ज्याची नेमणूक कुठल्याच कागदावर नाही. सापळ्यात बऱ्याचदा तो आणि शिपाई अडकतात. आमच्याकडे एक जण पकडला गेला, अठ्ठेचाळीस तासांहून जास्त कोठडी झाली म्हणून आपोआप निलंबित, अर्धा पगार सुरू. पुढे खटला रेंगाळला, तो दुसऱ्या टेबलावर रुजू झाला. ज्या पोराने आत त्याच्याविरुद्ध जबाब दिला, तो आता त्याच मजल्यावर त्याच्या समोर बसतो. डबा खायला तो जिन्यात जातो, हे मी रोज बघतो.

परळची पोळीवाली
दादा, त्या पोराला माझा नमस्कार सांगा.

काहींनी विचारलंय म्हणून लिहिते. खटला उभा राहिलाय, माझ्या साक्षीची तारीख पुढच्या महिन्यात आहे. त्या दिवशीचे चाळीस डबे जाऊबाई करणार आहेत. काका, खोलीत पंखे दोन होते, मी आजच वहीत लिहून ठेवलंय.