खाली लूम, वर घर: आगीच्या दृष्टीनं काय काय चेक करू?

सोलापूरला पूर्व भागात जुनं घर हाय, खाली पॉवरलूम, वर आम्ही, वायरिंग वडिलांच्या काळातलं, कूलर लावला की बोर्ड गरम लागतो. आधी काय बघू ओ?

▸ कूलर त्या पॉइंटवरून आजच काढा. वायर ढिली असंल नाहीतर लोड जास्त. वायरमन म्हणला एमसीबी (लोड वाढला की आपोआप पडणारा स्विच) सारखी पडते, मोठी बसवू, तर ऐकू नका, वायर तेवढीच बारीक राहते आणि तीच तापते.

▸ लूमच्या मोटारीवरची कापसाची धूळ झाडा, ठिणगी पुरते तिला. जिन्यात चादरींचे गठ्ठे असतीलच (सगळ्यांच्यात असतात), ते पहिलं हलवा, उतरायला तेवढीच वाट.

▸ गॅसच्या नळीवरची तारीख बघा, 5 वर्षांनी बदलायची. वास आला तर बटणाला हात नाही, दारं उघडा, बाहेर येऊन 1906 (गॅसगळतीचा हेल्पलाइन नंबर) लावा.