प्रूफ नाण्याचे ‘फिनिश’ : झिलई, ओप की पाणी?

सांगली : सप्रेम नमस्कार. येथील एका छोट्या नाणेप्रदर्शनाचे माहितीफलक मराठीत लिहिण्याचे काम माझ्याकडे आले आहे. मागच्या खेपेला फलकावर ‘पुरावा नाणे’ असे छापले गेले आणि दिवसभर लोक ‘हा कोणत्या खटल्यातला पुरावा?’ असे विचारत राहिले. ती फजिती पुन्हा नको आहे. ‘प्रूफ’ हा शब्द तसाच ठेवावा का, आणि प्रतवारी करणाऱ्या संस्था जुन्या प्रूफ नाण्याचे जे ‘फिनिश’ पाहतात त्याला झिलई, ओप, चकाकी, पाणी यांपैकी काय म्हणावे?

मिरज : मी छापखान्यात उभे आयुष्य प्रुफे तपासण्यात घालवले, म्हणून आधी त्या शब्दाविषयी लिहितो. छपाईतले प्रूफ आणि टांकसाळीतले प्रूफ ही सख्खी भावंडे आहेत, कारण ठसा नीट उतरतो की नाही हे पाहण्यासाठी काढलेली प्रत, हाच दोन्हीकडे मूळ अर्थ होता. पुढे टांकसाळींनी संग्राहकांसाठी आणि मानाच्या भेटींसाठी, आरशासारखे घासलेले ठसे (नाण्यावर चित्र उमटवणारे साचे) व तशाच चकत्या (धातूचे कोरे तुकडे) घेऊन, बहुधा एकाहून अधिक ठोके देऊन अशी नाणी पाडायला सुरुवात केली आणि चाचणीचा अर्थ मागे पडला. तेव्हा ‘प्रूफ’ राहू द्यावे. फक्त ‘प्रूफ प्रतीचे नाणे’ असे लिहू नये, कारण प्रूफ ही घडण आहे, प्रत म्हणजे दर्जा नव्हे. पीसीजीएस आणि एनजीसी या अमेरिकी संस्था १ ते ७० अशा श्रेणीवर नाणी जोखतात. चांगले जपलेले प्रूफ तिच्यात ६० ते ७० मध्ये बसते, पण खिशात फिरून झिजलेले प्रूफ ५० वर उतरले तरी ते प्रूफच राहते.

विटा : आमच्या घरात पिढ्यान्पिढ्या गलाईचा, म्हणजे सोने-चांदी गाळून शुद्ध करण्याचा, धंदा आहे, त्यामुळे ‘पाणी’ या शब्दाला माझा ठाम विरोध आहे. मोत्याचे पाणी अंगचे असते हे खरे, पण धातूच्या धंद्यात पाणी चढवणे म्हणजे मुलामा देणे, आणि ‘नाण्याचे पाणी’ असे वाचून पाहुणे ते मुलाम्याचे समजतील. ‘ओप’ कानाला गोड आहे, परंतु आता तो कवितेपुरताच उरला आहे. ‘झिलई’ चालेल, मात्र तिच्यामागे एक विशेषण हवे, आणि ते का हवे हे थोडे सविस्तर सांगतो.

आपल्या भाषेत उजळणे ही नेहमी स्तुती असते. भांडे उजळते, दागिना उजळून येतो, माणूस उजळ माथ्याने फिरतो. प्रतवारी करणाऱ्याच्या लेखी मात्र उजळलेले नाणे म्हणजे बिघडलेले नाणे. आमच्याकडे गांधी जन्मशताब्दीचे, १९६९ चे, दहा रुपयांचे चांदीचे प्रूफ नाणे आहे. त्यावर मुंबई टांकसाळीचे ‘बी’ हे अक्षर आहे. आजी दर लक्ष्मीपूजनाला ते चिंच आणि रांगोळी लावून घासत असे. आजही ते लखलखते, पण दिव्याखाली तिरके धरून सावकाश फिरवले की गांधीजींच्या गालावरून केसासारख्या बारीक रेघांचे जाळे सरकत जाताना दिसते. अशा नाण्याला या संस्था साधारणपणे अंक देत नाहीत; केवळ ‘डिटेल्स’ असे लिहून पुढे ‘साफ केलेले’ हा शेरा मारतात.

गंमत अशी की प्रूफाची आरशासारखी सपाटीसुद्धा घासूनच आणलेली असते. फरक इतकाच की घासणे ठशावर आणि चकतीवर झालेले असते, तेही ठोक्याआधी. ठोका पडल्यानंतर धातूला कोणी हात लावलेला नसतो. म्हणून मी ‘टांकसाळी झिलई’ आणि ‘मागाहून दिलेली झिलई’ असे दोन शब्दप्रयोग सुचवतो. हाच भेद रेघांतही करता येतो. ठसा घासताना त्यावर पडलेला ओरखडा नाण्यावर उंच होऊन येतो, तिला ‘उमटलेली रेघ’ म्हणावे. नाणे घासताना पडलेला ओरखडा खोल जातो, ती ‘ओढलेली रेघ’. भिंगाखाली पाहिल्यास उमटलेली रेघ सपाटीवरून धावत येऊन चेहऱ्याच्या कडेपाशी थांबते आणि कधी पलीकडून पुन्हा सुरू होते, जणू ती चेहऱ्याखालून गेली आहे. कारण नाण्यावरचा उठाव हा ठशात खळगा असतो आणि घासणी त्या खळग्यात पोहोचत नाही. ओढलेली रेघ नाकगाल काही पाहत नाही. पहिलीमुळे प्रत फारशी घसरत नाही, दुसरीमुळे हमखास घसरते.

सांगली : ‘सपाटी’ आणि ‘उठाव’ हे शब्द लगेच घेतले. आता ‘कॅमिओ’ उरला. मुलीला विचारले तर ती म्हणाली की कॅमिओ म्हणजे चित्रपटातला पाहुणा कलाकार!

मिरज : मूळचा कॅमिओ हा कोरीव रत्नाचा प्रकार आहे, ज्यात गडद थरावर फिकट आकृती उठून दिसते. प्रूफ नाण्यात सपाटी काळीशार आरशासारखी आणि उठाव दुधी दिसला की तो कॅमिओ. विरोध फारच ठळक असेल तर पीसीजीएस ‘डीप कॅमिओ’ म्हणते आणि एनजीसी ‘अल्ट्रा कॅमिओ’. दोन्ही बाजूंना तो असावा लागतो. फलकावर ‘दुधी उठाव’ लिहावे.

विटा : दुधी उठाव जुन्या नाण्यांत दुर्मीळ का, हेही एका ओळीत द्यावे. पूर्वी ठसा तेजाबात बुडवून खरबरीत करत आणि मग त्याची सपाटी तेवढी पुन्हा घासत. हा खरबरीतपणा थोड्याच ठोक्यांत निघून जाई, त्यामुळे एकाच ठशाच्या पहिल्या नाण्यांवर दुधी उठाव असे आणि नंतरची नाणी सरसकट चकचकीत निघत.

मिरजकर काकांच्या व्याख्येला मात्र एक पुरवणी हवी. एडवर्ड सातव्याच्या राज्याभिषेकाचे १९०२ चे ब्रिटिश मॅट प्रूफ संच मुद्दाम मंद, रवाळ पृष्ठाचे केलेले होते. त्यांत आरसा कुठेच नाही. ‘आरशासारखे ते प्रूफ’ असे फलकावर लिहिले आणि ते वाचून कोणी घरच्या मंद नाण्याला रांगोळी लावली, तर टांकसाळीने जे मुद्दाम दिले होते नेमके तेच पुसले जाईल.

सांगली : फलकावरून ‘आरशासारखे’ काढले आहे. ‘खास घडणीचे नाणे’ असे लिहून, आरसा आणि मॅट हे त्याचे दोन प्रकार म्हणून खाली देतो.