मायच्या जिभेवर पांढरा थर, शुगरमुळे असते का?

पांदणवाट: मायले शुगर हाय, मेटफॉर्मिनच्या गोळ्या लय वर्सापासून चालू हायेत. दिवाळीपासून जिभेवर पांढरा थर येऊन राहिला, साधं वरणही झोंबते म्हणते, तोंड कोरडं पडते, रातच्याले उठून उठून पाणी पिते. शेजारच्या बाया म्हणतात उष्णता हाय, सब्जा द्या. मेडिकलवाल्यानं बी-कॉम्प्लेक्स देल्लं, काही फरक नाही. शुगरचा अन जिभेचा संबंध असते का? कोणाले माहीत असन तर सांगजा, काळजी वाटून राहिली.

वर्धेकडची: दादा, संबंध असतो. मी पीएचसीत नर्स आहे, असे पेशंट नेहमी येतात. कॅन्डिडा नावाची बुरशी कितीतरी लोकांच्या तोंडात असतेच, पण शुगर वाढली की लाळेतही साखर वाढते, वरून लाळ कमी होते, मग ती फोफावते. स्वच्छ ओल्या कापडाने थर हलकेच पुसून बघा, निघाला आणि खाली लाल दिसलं तर बहुतेक तीच. डॉक्टर क्लोट्रिमॅझोलचं लावायचं औषध देतात, पण शुगर खाली आली नाही तर ते परत परत येतं, म्हणून आधी एचबीए१सी (मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी शुगर दाखवणारी रक्ताची तपासणी) करा. कवळी असेल तर रात्री काढून ठेवायला सांगा.

तूरवाला: आमच्या बाबांची जीभ लालभडक अन गुळगुळीत झाली होती, पायाले मुंग्या येत. बी१२ व्हिटॅमिन कमी निघालं. मेटफॉर्मिन लय वर्स घेतली की बी१२ अंगी लागणं कमी होते म्हणे, अन बाबा माळकरी, मटण-अंडे नाहीच. डॉक्टरनं इंजेक्शनं देल्ली तवा उतार पडला. पण गोळी आपल्या मनानं बंद नोका करू बाप्पा.

झाडीपट्टी: माय खर्रा, गुडाखू असं तंबाखूचं काही घेते का? पुसून न निघणारा पांढरा चट्टा, दोन आठवड्यांत न भरणारा फोड, तोंड कमी उघडणं, यातलं एकही असलं तर शुगरवर ढकलू नका, सरळ दातांच्या डॉक्टरकडे न्या, नागपूरला सरकारी डेंटल कॉलेज आहेच. खर्ऱ्यानं आमच्याकडे तरणीताठी पोरं गेली म्हणून कळकळीनं सांगतो.

पांदणवाट: खर्रा नाही खात. पुसून पाह्यलं, थर निघाला अन खाली लालच हाय. उद्या ग्रामीण रुग्णालयात नेतो. उपाशी न्या लागते का?

वर्धेकडची: एचबीए१सीला उपाशी लागत नाही. फास्टिंग शुगर करायची असेल तर आठ तास काही खायचं नाही, पाणी चालतं. बी१२ चं पण विचारा, आणि चालू गोळ्यांची पाकिटं सोबत न्या.