ह्याला आपल्याकडे शब्दच नाही! तुमचे किस्से सांगा

इंडोनेशियात बोलताना 'जायुस' म्हणतात. हसू न आणणारा जोक जायुस आणि तो मारणारा माणूसही जायुस. आपला पीजे म्हणजे नुसता जोक, त्यात माणूस नाही येत, म्हणून मला हा शब्द फार आवडला. कारण आमचे बाबा. जोक सुरू करायच्या आधीच स्वतः हसत सुटतात, मग मधेच "थांबा थांबा, आधी डॉक्टर बोलतो का पेशंट?" आणि शेवट तर आठवतच नाही. त्या जोकला आम्ही आजवर हसलो नाही पण डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसलोय. तुम्हाला असा परका शब्द कधी भेटलाय का, की अरे हे तर माझंच झालं होतं? लिहा.

—

माझा फ्रेंच. लेस्प्री द लेस्कालिये, म्हणजे जिन्यात सुचलेलं उत्तर. अठराव्या शतकातल्या दिदेरोने लिहून ठेवलंय की टोमणा ऐकून माणूस गप्प होतो आणि डोकं चालतं ते जिना उतरून खाली आल्यावर. माझं जिन्यातही नाही चालत, रात्री दात घासताना चालतं. मीटिंगमध्ये एकाने सगळ्यांसमोर माझी खेचली, मी नुसती हॅ हॅ केली, आणि रात्री तोंडात फेस असताना असलं जबरी उत्तर सुचलं की आरशात दोनदा बोलून पाहिलं. दुसऱ्या दिवशी मुद्दाम विषय काढून ते ऐकवलं तर तो म्हणतो, "मी असं कधी म्हणालो?"

—

फ्रेम्डशेमेन, जर्मन. फजिती दुसऱ्याची, लाज आपल्याला. स्टेजवर कुणी मिमिक्री करायला लागलं की मी चपलेचा पट्टा नीट करत बसते, ते संपेपर्यंत.

—

गिगिल! फिलिपिन्सचा. गोड बाळ बघून दात-ओठ खात गाल ओढावेसे वाटतात ना, ते. २०२५ मध्ये ऑक्सफर्डच्या डिक्शनरीत पण गेला. भाची आता मला बघून गालांवर हात ठेवते.

—

जरा वेगळं लिहितो. मामिह्लापिनातापाई. दक्षिण अमेरिकेच्या पार टोकाला तिएरा देल फ्युएगो आहे, तिथल्या यागान लोकांचा शब्द, गिनेस बुकात पण आला होता. दोघांनाही एकच गोष्ट हवी असते, सुरुवात मात्र समोरच्याने करावी असं दोघांनाही वाटतं, तेव्हाची ती नजर. बहिणीशी दोन वर्षं बोलणं बंद होतं आणि एकदा लिफ्टमध्ये दोघंच सापडलो. तिने पाचचं बटण दाबलं. दिवा लागला होता तरी मी परत दाबलं. मग तिने परत. एकमेकांकडे बघितलं, तिचा ओठ हलला असं मला अजून वाटतं, आणि दार उघडलं. पुढे वर्षभराने बोललो, तेव्हा ती म्हणाली तुझाच ओठ हलला होता. यागान मातृभाषा असलेल्या शेवटच्या आजी, क्रिस्तिना काल्देरोन, २०२२ मध्ये गेल्या, ते वाचून मी तिला पहिला फोन केला.

—

ह्याच्यानंतर माझा टार्टल फारच फालतू वाटेल. स्कॉटिश आहे, ओळख करून देताना नाव आठवेना की जी अडखळ होते ती. मी तर "आणि हे आपले... हे!" म्हणून मोकळा होतो. ते सोडा, तुमच्या बाबांच्या जोकमध्ये शेवटी कोण बोलतं, डॉक्टर का पेशंट?

—

कालच परत सुरू केला होता. पेशंट अजून बाहेरच बसलाय.