जहाजावर वेगळं पायदळ कशासाठी?

गलबत्या:
इंग्लंडच्या मरीन दलाची (जहाजावरच्या पायदळाची) स्थापना १६६४ची मानतात, स्पेनच्या दलाची १५३७ची. पण जहाजावर सैनिक तर ग्रीकांच्याही आधीपासून असणार. मग या सालांत नवं काय घडलं? खलाशांच्याच हाती बंदुका देऊन भागत नव्हतं का?

निशाण:
सैनिक होतेच. अथेन्सच्या, वल्ह्यांच्या तीन रांगा असलेल्या जहाजावर १७० वल्हेकरी, १० भालाईत आणि ४ तिरंदाज असत. एक्नोमसच्या लढाईत (इ.स.पू. २५६) रोमनांनी जहाजामागे ३०० वल्हेकरी आणि १२० सैनिक नेले, कारण त्यांना शत्रूच्या जहाजावर चढूनच लढायचं होतं. १५३७मध्ये स्पेनचा राजा पाचवा चार्ल्स याने नेपल्सच्या जुन्या तुकड्या गॅलींना (वल्ह्यांच्या लढाऊ जहाजांना) कायमच्या जोडून दिल्या. नवं आहे ते हे ‘कायमचं’.

तोफची:
खलाशांबद्दल. मोठ्या तोफेला डझनभर माणसं लागतात, शिडांवर वेगळी. लढाई जुंपली की बंदुकीला माणूस उरत नाही. मरीन दोर ओढायचे, तोफांनाही हात लावायचे, पण त्यांना डोलकाठीवर चढायची सक्ती नव्हती. एरवी तोफांच्या दारूच्या कोठारावर आणि कप्तानाच्या दारावर त्यांचाच पहारा.

इंग्लंडच्या १६६४च्या हुकमात १२०० माणसं, २००च्या सहा तुकड्या आणि सगळ्यांना चकमकीच्या (गारेच्या ठिणगीने उडणाऱ्या) बंदुका, असं स्पष्ट आहे. मला यातली बंदुकीची अट सर्वांत महत्त्वाची वाटते. चकमकीला पेटती वात लागत नाही; जुन्या तोड्याच्या बंदुकीची वात मात्र सतत पेटती ठेवावी लागते. डांबरलेले दोर, शिडं आणि उघडी दारू यांच्यामध्ये ती घेऊन उभं राहणं म्हणजे स्वतःचंच जहाज पेटवणं.

गलबत्या:
आणि उघड्या डेकवर ओळीने उभं राहिल्यावर?

तोफची:
तिथेच घात व्हायचा. ट्रफाल्गरच्या लढाईत (१८०५) इंग्रज नौसेनापती नेल्सनच्या ‘व्हिक्टरी’ जहाजाच्या मागच्या उंच डेकवर एकाच गोळ्यात आठ मरीन पडले. नेल्सनने लगेच मरीनचा अधिकारी कॅप्टन अडेअर याला माणसं जहाजभर पांगवायला सांगितलं.

निशाण:
१६६४बाबत एक दुरुस्ती हवी. ती पलटण १६८९मध्ये मोडली. नंतरच्या मरीन पलटणीही युद्धापुरत्याच उभ्या राहिल्या, आणि बराच काळ भूदलाच्या ताब्यात होत्या. माणसं मूठमूठभर डझनावारी जहाजांवर विखुरलेली आणि पगाराचा हिशेब पलटणीच्या वहीत, त्यामुळे तो कधी जुळायचाच नाही. १७५५मध्ये पलटणी ठेवल्याच नाहीत. चॅटहॅम, पोर्टस्मथ आणि प्लिमथ या तीन बंदरांत ५० सुट्या तुकड्या थेट नौदल खात्याखाली आल्या. आजचं दल अखंड चालत आलंय ते तिथपासून. ‘रॉयल’ हे बिरुद १८०२चं.