मदत हवी आहे: डाव्या फऱ्याच्या आतल्या बाजूला सतत ठणका

चैत्रपालवी
तीन आठवडे झाले, डावा फरा आणि मणका यांच्या मधे ठणका लागलाय. सकाळी बरं असतं, दुपारनंतर वाढत जातं. रात्री कूस बदलताना चमक निघते. उजवा हात खांद्यावरून मागे नेऊन चाचपलं की बोटांना गोटीएवढी गाठ लागते. दाराच्या चौकटीच्या कडेवर ती दाबून धरली की दोन मिनिटं हायसं वाटतं, मग पुन्हा येरे माझ्या मागल्या. बाम झाला, शेक झाला. लवकर आराम पडेल असं काही सांगा. 'विश्रांती घ्या' सांगू नका, ते शक्य नाही.

निवांत_वाचक
वय? काम काय करता? पडलात, काही जड उचललंत का? हाताला मुंग्या येतात?

चैत्रपालवी
३१. पडले नाही, मुंग्या नाहीत. काम सगळ्यांसारखंच, बसून. उपाय सांगा ना कुणीतरी.

रोखठोक
शेक बंद करा, बर्फ लावा. माझा खांदा बर्फानेच बरा झाला. सोबत दुखण्याची गोळी पाच दिवस.

मधुमालती
रोखठोक, तुमची ताजी लचक असेल. सूज असते तेव्हा पहिले एक-दोन दिवस बर्फ ठीक. तीन आठवडे आखडलेल्या स्नायूला ऊबच बरी वाटते. पिशवी कापडात गुंडाळून १५-२० मिनिटं, ती पाठीखाली घेऊन झोपू नका.

रोखठोक
मला फरक पडला तो बर्फानेच. अनुभव आहे म्हणून सांगतोय.

साधा_माणूस
गादी बदलून बघा. माझी कंबर त्यानेच थांबली.

मधुमालती
त्यांची कंबर दुखतच नाहीये! आणि सकाळी बरं असतं असं त्यांनीच लिहिलंय, मग गादीचा काय दोष?

फिजिओ_अनघा
मी हेच काम करते, पण तुम्हाला तपासलेलं नाही हे लक्षात ठेवून वाचा. फऱ्याला मणक्याशी जोडणारे ऱ्हॉम्बॉइड नावाचे स्नायू असतात. खांदे पुढे झुकले की फरे बाहेर सरकतात आणि हे स्नायू ताणलेल्या स्थितीतच तासन्तास भार धरून राहतात. वर डोकं पुढे झुकलेलं, त्याचंच वजन चार-पाच किलो. म्हणजे तो स्नायू दमलेला आहे. गाठ दाबून थोडा वेळ सुटते, पण भार तसाच असेल तर ती पुन्हा धरणारच.

योगप्रेमी
स्वतःला मिठी मारून पाठ ताणा, रोज दहा वेळा. बाकी काही लागत नाही.

फिजिओ_अनघा
योगप्रेमी, ताण दिल्यावर बरं वाटेल, पण दिवसभर ताणलेल्याच स्नायूला तेवढं पुरत नाही. त्याला ताकद हवी. कोपरं अंगाशी ठेवून फरे एकमेकांकडे ओढा, पाच मोजेपर्यंत धरा, सोडा. दहा वेळा, दिवसातून दोन-तीनदा. खांदे कानांकडे जाऊ देऊ नका. कडेवर दाबण्यापेक्षा भिंत आणि पाठ यांच्यात टेनिसचा चेंडू धरून हळू फिरवा, मणक्याच्या हाडावर मात्र नको.

निवांत_वाचक
दुपारनंतरच का वाढतं? बसून नेमकं काय करता?

चैत्रपालवी
बाळ चार महिन्यांचं आहे. दिवसातून आठ-दहा वेळा पाजते, डाव्या हातावर घेऊन. उजव्या हाताने ऑफिसचं काम सुरू केलंय, तीन आठवडेच झाले.

मधुमालती
अगं ताई, हे पहिल्याच ओळीत सांगायचं ना!

रोखठोक
मी गोळीचं लिहिलंय ते सोडून द्या. अंगावर पाजताय, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय काही घेऊ नका.

फिजिओ_अनघा
आता उलगडलं. तुम्ही बाळाकडे वाकताय. बाळाला तुमच्याकडे वर आणा. मांडीवर उशा, त्यावर बाळ, तुमची पाठ टेकलेली, पाय टेकलेले. तोंड नीट धरलंय हे बघितलं की मान वर करा. सतत खाली बघत बसलं की मानेचे स्नायूही दुखू लागतात. पाजताना लॅपटॉप पूर्ण बंद, यात तडजोड नाही.

निवांत_वाचक
एक सांगून ठेवतो. छातीत दाब, धाप, घाम किंवा जबड्यात कळ आली तर थांबू नका, लगेच दवाखाना गाठा. ताप, हातातली ताकद कमी होणं, चालताना तोल जाणं, दुखण्याच्या पट्ट्यावर पुरळ, यातलं काही दिसलं तरी डॉक्टरांना दाखवा. उजव्या फऱ्यापाशी जेवणानंतर कळ येत असेल तर ती पित्ताशयाचीही असू शकते.

चैत्रपालवी
यातलं काही नाही. पाच दिवस दोन उशा घेतेय, व्यायामही करतेय. संध्याकाळचा ठणका निम्म्यावर आलाय, काल चौकटीशी गेलेच नाही. रात्री मात्र बसवत नाही. आडवं होऊन पाजलं तर चालेल?

फिजिओ_अनघा
चालेल. कुशीवर, डोक्याखाली उशी, पाठीमागे एक उशी. बाळाच्या तोंडाजवळ उशी-पांघरूण नको. पाजून झालं की त्याला त्याच्या जागी पाठीवर निजवा. आणि दर वेळी कूस बदला, डावीचीच सवय लावू नका.