पेटीवाल्याने मिडी कीबोर्ड (लॅपटॉपला जोडायच्या पट्ट्या) कुठला घ्यावा? (बजेट ८ हजार, त्याच्या वर एक रुपया नाही)

भाता_आणि_पट्टी:
नमस्कार मंडळी. पंधरा वर्षं पेटी वाजवतेय, लहानपणापासून सा काळी चारवर. गेल्या वर्षी ऑफिसातल्या पोरांनी एकांकिकेच्या पार्श्वसंगीताला बसवलं आणि किडा चावला. आता घरी लॅपटॉपवर थोडं तंतुवाद्य, थोडा खर्ज, एखादी बासरी असं रचायचं आहे. लॅपटॉप विंडोज, आठ जीबी रॅम, सहा वर्षं जुना. घर वन आरके, लालबागला. तालमी दादरला, म्हणजे लोकलमधून न्यावा लागणार. पियानो शिकायचा नाही, डीजे व्हायचं नाही. काय घेऊ?

ठोका_किंग:
भाऊ सरळ ऑक्टापॅड घे. एसपीडी-२० मॉडेलला मागे लॅपटॉपला जोडायला मिडी आऊट असतो. आमच्या बेंजोत बारा गणपती काढले, अजून एक पॅड मेला नाही. मिरवणुकीत पाऊस झेललाय त्याने.

भाता_आणि_पट्टी:
मी भाऊ नाही, ताई आहे. आणि मला सूर हवेत हो, ठोके नकोत.

ठोका_किंग:
सॉरी ताई. पण रिदमशिवाय गाणं कसं करणार?

बीट_बोरिवली:
आकाई एमपीके मिनी. डोळे झाकून. २५ पट्ट्या, ८ पॅड, ८ नॉब, सॅकमध्ये मावतो. मी बोरिवली फास्टमध्ये उभ्याने मांडीवर... म्हणजे सॅकवर ठेवून बीट बनवलेत. बजेटच्या थोडा वर जाईल, पण एकदाच घ्यायचं तर नीट घ्या.

सव्वानऊची_ठाणे:
उभ्याने मांडीवर 😂
२५ पट्ट्यांत काय होतं? खेळणं आहे ते. किमान ६१, तेही पूर्ण आकाराच्या. मी एम-ऑडिओ कीस्टेशन ६१ घेतला, सहा वर्षं दगडासारखा चालतोय. लोकलमध्ये नेता येत नाही हे खरं. एकदा नेला होता. ठाण्याला उतरताना त्याचं एक टोक फलाटावर, दुसरं डब्यात आणि मध्ये एक काका. काका पुढे बरंच काही बोलले, ते इथे लिहीत नाही.

बीट_बोरिवली:
बाईंनी स्पष्ट लिहिलंय लोकलने न्यायचा आहे म्हणून. वाचता येतं ना?

सव्वानऊची_ठाणे:
बाईंनी ८ हजारही लिहिलेत. तुला वाचता येतं?

खर्ज:
दोघंही थांबा. ताई, २५ पट्ट्यांचा हिशोब तुम्हीच करून बघा. हे कीबोर्ड 'सी'पासून 'सी'पर्यंत, म्हणजे पांढरी एक ते पांढरी एक, दोन सप्तकं. तुमचा सा काळी चारवर. खाली मंद्र पंचम सहज मिळतो, वर तार गंधार म्हणजे शेवटची पट्टी. तार मध्यम लागला की बोट हवेत. सप्तक बदलायचं बटण असतं, पण चालू गाण्यात ते दाबणार कोण?

नादखुळा_नेरूळ:
ट्रान्सपोजचं (सगळे सूर वरखाली सरकवायचं) बटण दाबायचं आणि पांढरी एकपासून वाजवायचं. प्रश्न मिटला.

खर्ज:
पंधरा वर्षं काळी चारवर बसलेला हात पांढरी एकवर आणायला सांगताय? त्यापेक्षा नवा हात घ्या म्हणा.

नादखुळा_नेरूळ:
मग स्केल चेंजर पेटी म्हणजे काय असतं? तिथे पट्ट्यांचा अख्खा जोड सरकवता तेव्हा कुणाचा हात बिघडत नाही?

सुरेल_काका:
अवांतर: मुळात पेटीवर भारतीय संगीत वाजवणंच चूक. आकाशवाणीने १९४० मध्ये पेटीवर बंदी घातली ती उगाच नाही. समान अंतराच्या बारा सुरांत आपला गंधार बसत नाही.

खर्ज:
आणि १९७१ मध्ये सैल केली, तेही उगाच नाही. काका, याचा वेगळा धागा काढा, मी भांडायला येतो.

फुकटचंद_परळ:
मी गेल्या वर्षी असाच कीबोर्ड घेतला. घरी आणला, यूएसबी लावली, दिवे लागले, पट्ट्या दाबल्या. आवाज शून्य. हेडफोन लावायला भोक शोधतोय, भोकच नाही. पावती घेऊन तणतणत दुकानात गेलो, "पीस खराब आहे". काउंटरवरचा मुलगा अगदी शांतपणे म्हणाला, "सर, ह्याच्यात आवाज नसतोच." सगळं दुकान माझ्याकडे बघत होतं. तेव्हा ताई, आधीच सांगतो: तो फक्त कुठली पट्टी, किती जोरात, कधी सोडली एवढंच सांगतो. ० ते १२७ असे आकडे पाठवतो. आवाज लॅपटॉपने काढायचा.

जुना_खेळाडू:
हल्लीच्या मुलांना हेही सांगावं लागतं. १९८३ मध्ये अमेरिकेत नॅमच्या वाद्यांच्या प्रदर्शनात प्रॉफेट-६०० आणि रोलंडचा कीबोर्ड एका वायरने जोडून दाखवले, तिथून हे मिडी सुरू झालं. आम्ही यामाहाच्या डीएक्स-७ सिंथेसायझरवर काम केलंय. तेव्हा लॅपटॉप नव्हते, कान होते.

बीट_बोरिवली:
काका, मॉडेल सांगा ना मग एखादं.

जुना_खेळाडू:
डीएक्स-७.

फुकटचंद_परळ:
सॉफ्टवेअरचं टेन्शन घेऊ नका, माझ्याकडे पेनड्राइव्हमध्ये सगळं क्रॅक आहे. लालबाग-परळ काय लांब नाही.

सव्वानऊची_ठाणे:
नको नको नको. असाच एका मित्राकडून पेनड्राइव्ह घेतला होता. तीन दिवसांनी लॅपटॉपमधल्या सगळ्या फायलींची नावं बदलली आणि पैसे मागणारी चिठ्ठी आली. त्यात मुलीच्या बारशाचे फोटो होते. रीपर (गाणं रचायचं-रेकॉर्ड करायचं सॉफ्टवेअर) घ्या, ६० दिवस पूर्ण फुकट, नंतर वैयक्तिक लायसन्स ६० डॉलर. हलकं आहे, जुन्या लॅपटॉपवर पळतं. बाकी मत कायम: ६१.

खर्ज:
रीपरला +१. आता खरं दुखणं. मॉडेल कुठलंही घ्या, पहिल्या दिवशी पट्टी दाबल्यावर आवाज उशिरा येईल आणि तुम्हाला वाटेल कीबोर्ड वाईट. तो नाही, लॅपटॉप उशीर करतो. असिओ-फॉर-ऑल नावाचा फुकट ड्रायव्हर टाका, रीपरच्या सेटिंगमध्ये तो निवडा आणि बफर (आवाज बाहेर सोडण्याआधी लॅपटॉप जमवतो तो साठा) कमी करत आणा. सेकंदाला ४४,१०० नमुन्यांच्या दराने १०२४ नमुन्यांचा बफर म्हणजे २३ मिलिसेकंद, बोटाला कळतात. १२८ म्हणजे जेमतेम ३. वर लॅपटॉपची स्वतःची थोडी भर पडते. फार खाली नेलात तर आवाज तडतडेल, मग एक पायरी वर या. तो ड्रायव्हर चालू असताना यूट्यूब गप्प होऊ शकतं, घाबरू नका. आणि ब्लूटूथ हेडफोन अजिबात नकोत, त्यात शंभर-दीडशे मिलिसेकंद सहज जातात. वायरवाला घ्या.

हे सगळं आजच, कीबोर्ड न घेता करून बघता येतं. रीपरमध्ये पडद्यावरचा कीबोर्ड आहे, लॅपटॉपच्या बटणांनी वाजतो. लॅपटॉप झेपत नसेल तर पैसे आधी तिकडे घाला.

दुसरं, भात्याचं. तुमचा डावा हात पंधरा वर्षं हवा देतोय, तो इथे रिकामा पडेल. कीबोर्डच्या डाव्या बाजूला मॉड्युलेशनचं चाक असतं. लॅब्ज नावाच्या सॉफ्टवेअरमधली फुकट तंतुवाद्यं लावलीत तर त्या चाकाने सूर फुगतो आणि ओसरतो. तोच भाता. पण चाक हवं. एमपीकेला जॉयस्टिक आहे, बोट काढलं की आपोआप शून्यावर येते. म्हणजे हवा सोडली की पेटी बंद.

बीट_बोरिवली:
जॉयस्टिकला काय झालं? मी तीन वर्षं वापरतोय.

नादखुळा_नेरूळ:
वाखूसा (वाचनखूण साठवली). बफरचं मला आज कळलं, दोन वर्षं कीबोर्डला शिव्या घालत होतो. एक माझ्याकडून: आमच्याकडे खाडीची हवा, दोन पावसाळ्यांत नॉब करकरायला लागले, एक तर आपोआप ६४ वरून ७० वर जातो. कपड्यात गुंडाळून पिशवीत सिलिका जेलच्या पुड्या टाका. बुटांच्या खोक्यात येतात त्या फेकू नका.

ठोका_किंग:
ऑक्टापॅडला नॉबचा असला प्रॉब्लेमच नाही.

भाता_आणि_पट्टी:
सगळ्यांचे आभार. चार दिवस उत्तर दिलं नाही कारण खर्ज यांनी सांगितलेलं करून बघत होते. २५६ वर लॅपटॉप ठीक चालतो, १२८ वर पापड भाजल्यासारखा आवाज येतो.

शनिवारी धोबी तलावला फुर्टाडोजमध्ये जाऊन सगळ्यांवर हात ठेवून आले. ६१ मस्त, पण तो ठेवला तर मला पलंग विकावा लागेल. २५ वर खरंच तार मध्यमाला बोट हवेत गेलं, हसू आलं.

शेवटी इथे कुणीच न सांगितलेला घेतला. कॉर्ग मायक्रोकी, ३७ पट्ट्या, सेकंडहँड, साडेचार हजार. माटुंग्याच्या एका मुलाने कॉलेज संपलं म्हणून विकायला काढला होता. मंद्र पंचमापासून अतितार सा पर्यंत सगळं मिळतं, डावीकडे दोन चाकं आहेत आणि तिरका ठेवला की पिशवीत बसतो. पट्ट्या पेटीपेक्षा बारीक आहेत, अंगठा चुकतो. एक काळी पट्टी दाबली की टक् वाजते, मुलाने ते सांगितलं नव्हतं. उरलेल्या पैशांत वायरवाला हेडफोन आणि ठेवायला लाकडी पाट.

सव्वानऊची_ठाणे:
बारीक पट्ट्या?? सहा महिन्यांत विकाल. तेव्हा ६१ कुठे मिळतो ते विचारा.

बीट_बोरिवली:
पॅड नाहीत त्याला एकही. 🤦

भाता_आणि_पट्टी:
खर्ज, एक शंका. दोन चाकांपैकी एक सोडलं की मध्यावर परत येतं, दुसरं तिथंच राहतं. काल भाता समजून दुसरं वर नेलं आणि विसरले, व्हायोलिनं शेवटपर्यंत बोंबलत राहिली. बिघडलंय का?

खर्ज:
नाही, बरोबर आहे. परत येतं ते मींडेचं (सूर सरकवायचं). न येणारं तुमच्या भात्याचं, ते हाताने खाली आणायचं. आणि मींडेचं चाक बहुतेक ठिकाणी दोनच अर्धसुरांपुरतं जातं. मोठी मींड हवी तर वाद्याच्या सेटिंगमध्ये मर्यादा वाढवा.

ठोका_किंग:
ताई एकांकिकेला लाइव्ह ठोके लागले तर कळवा. पॅड माझा, टॅक्सी तुमची.